आमच्या एझेलचा बसवलेला आवाज

लोकांचा आवाज थंडीनं बसतो, ओरडून बसतो. आमच्या एझेलचा आवाज आईनं बसवला. भर चर्चमध्ये, रविवारी, सगळ्या गावादेखत.

पण आधी आवाज कसा होता ते सांगतो. मी सांगतोय म्हणजे त्यात मीठमसाला नाही, हे या गावात कुणालाही विचारा. मी थॅडियस बायनम. नेबो चर्चचा डिकन, म्हणजे पाद्रीच्या हाताखालचा कारभारी. नॉर्थ कॅरोलिनाच्या या तंबाखूच्या पट्ट्यात माझ्यासारखं अख्खं डुक्कर कुणी भाजत नाही, हे लोक स्वतःहून म्हणतात, मला सांगायची वेळ येत नाही. ट्रकही मी असा चालवला की मागं अंडी ठेवली असती तरी फुटली नसती. शाळा मात्र आठवीत सुटली. पण गाण्याचं विचाराल तर माझ्या धाकट्या भावापुढं मी म्हणजे फाटका भोंगा.

एझेल लहान असताना आम्ही सगळे तंबाखूच्या कोठारावर कामाला जायचो. बायका सावलीला उभ्या राहून पानांच्या जुड्या काठीला बांधायच्या. दुपार झाली की हात जड व्हायचे, तोंडं बंद व्हायची. मग एझेल एका कोपऱ्यातून सुरू करायचा, चर्चमधलंच काहीतरी. आणि बघता बघता त्या बायकांचे हात असे चालायला लागायचे, जशा काही नुकत्याच झोपून उठल्यात. शेतमालक गोरा होता, देवाधर्माचा नव्हता. तोसुद्धा यायचा आणि विचारायचा, "आज तो बारका आलाय ना?" असा आवाज. गुळाच्या काकवीत मध्येच कुणी वाळू टाकावी तसा. गोड, आणि दाताखाली करकर लागणारा.

आता आई. आई नेबोची मदर होती. आमच्यात म्हाताऱ्या, मान्य झालेल्या बायका पांढरे कपडे घालून पुढच्या आडव्या बाकावर बसतात, त्यांना मदर म्हणतात. चर्च पाद्री चालवतो असं बाहेरच्यांना वाटतं. पाद्रीला कोण चालवतं हे त्या बाकाकडं बघितलं की कळतं. आणि त्या बाकावर मदर बायनम बसली की बाकीच्या मदर पंखा हलवायच्यासुद्धा तिच्याकडं बघून.

एझेलला गाणं तिनंच शिकवलं. तिचं एक आवडतं होतं, तिच्या आईकडून आलेलं. 'लॉर्ड, दारात थांब, मी दिवा घेऊन येते.' प्रभूला सांगायचं, की जरा थांब, मला तुझं तोंड बघू दे. ती भांडी घासताना म्हणायची, आणि एझेल स्टुलावर बसून दुसरा सूर धरायचा. मी लाकडं फोडायचो. प्रत्येकाची एक कला असते.

मग एझेल विशीत आला आणि जमाना बदलला. पोरं काय करायची, चर्चचं गाणं उचलायची आणि जिथं 'लॉर्ड' असेल तिथं 'बेबी' घालायची. झालं प्रेमाचं गाणं. चाल तीच, कळवळा तोच, फक्त देवाला बाहेर काढून पोरीला आत घ्यायचं. सगळेच करायचे. एझेलनं आईचंच गाणं उचललं. 'बेबी, दारात थांब, मी दिवा घेऊन येतो.'

गावात मिस्टर डॅन्सीचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. त्यांच्याकडं एक ध्वनिमुद्रणाचं यंत्र होतं आणि डोक्यात खूळ होतं. तंबाखूचा लिलाव संपला की वखारी रिकाम्या पडायच्या, तिथं आवाज असा घुमायचा की नुसतं शिंकलं तरी कुणीतरी उत्तर देतंय वाटायचं. तिथं त्यांनी एझेलला उभं केलं. शाळेचे बँडमास्तर सॅक्सोफोनवर, त्यांचे दोन विद्यार्थी बाकीच्या वाद्यांवर. आणि त्या रेकॉर्डवर मागं जी टकटक ऐकू येते ना, ती मी. तंबाखूची काठी घेऊन टोपलीच्या काठावर. डॅन्सी म्हणाले होते, "थॅड, एवढंच करायचं, जास्त काही करू नकोस." मी एवढंच केलं, आणि ते असं केलं की आजपर्यंत कुणी नाव ठेवलं नाही.

शेवटच्या कडव्यात एझेल डोळे मिटून गात होता. 'बेबी' यायचं तिथं त्याच्या तोंडून 'लॉर्ड' गेलं. डॅन्सींनी थांबवायला हात वर केला. मग सॅक्सोफोनवाल्या मास्तरांकडं बघितलं. त्यांच्या डोळ्यांतून धार लागली होती आणि तरी वाजवत होते. डॅन्सींनी हात खाली घेतला. संपल्यावर म्हणाले, "चूक झाली. पण राहू दे. अशी चूक मला मुद्दाम करून मिळणार नाही."

आणि तीच चूक आडवी आली. रेडिओवरचा शनिवारचा माणूस म्हणाला, "हे लावलं तर लोक हातातले पेले खाली ठेवतात, धंदा बसेल." रविवारचा माणूस म्हणाला, "देवाला पोरीच्या मिठीत घुसवलंय, मी हात लावणार नाही." शनिवारला ते फार पवित्र, रविवारला फार पापी. दोघांच्या मधे दिवसच नाही. तबकड्या डॅन्सींच्या दुकानात खोक्यात पडून राहिल्या. थोड्या खपल्या, थोड्या पावसानं गेल्या, उरलेल्या मोठ्या पुरात नदीनं नेल्या.

आईनं ती तबकडी मावशीकडं ऐकली. मावशीची पोरं लावून बसली होती. सुरुवातीची कडवी आईनं ऐकून घेतली. शेवटचं कडवं आलं, 'लॉर्ड' आलं, आणि ती उठली, टोपी घातली आणि चालत घरी आली.

पुढच्या रविवारी एझेल गायकांच्या रांगेत झगा घालून उभा होता. पाद्रींनी प्रार्थना सुरू करायच्या आत आई उभी राहिली. मोठ्यानं नाही बोलली. "एझेल," ती म्हणाली, "बस."

आमच्यात याला बसवणं म्हणतात. कुणी दारू पिऊन आला, कुणी बायकोला सोडून दुसरीकडं राहिला, की त्याला बसवतात. शेवटच्या बाकावर बसायचं, गायचं नाही, उभं राहून देवाची साक्ष द्यायची नाही, तोंड बंद. आणि सुटकेचा रस्ता सोपा आहे. सगळ्यांसमोर उभं राहायचं, चुकलो म्हणायचं, मग ज्यानं बसवलं तो येऊन हाताला धरून उठवतो. लोक रडतात, मिठ्या मारतात, संपलं. पाच-सहा रविवारांत सगळे उठतात.

एझेलनं झगा काढला, घडी घातली, खुर्चीवर ठेवला आणि शेवटच्या बाकावर जाऊन बसला. तो उठला नाही. चाळीस वर्षं म्हटलं तरी चालेल, तो दर रविवारी आला, गुडघ्यावर टोपी ठेवून बसला आणि तोंड उघडलं नाही. भजनाला नाही, आमेनलाही नाही. आई पुढच्या बाकावर, तो शेवटच्या. चर्च सुटलं की तिच्याच टेबलावर जेवायचा. कोंबडीचा सगळ्यात मोठा तुकडा ती त्यालाच वाढायची, मला नाही. पण त्या विषयावर दोघांपैकी एकानंही शब्द काढला नाही. बायनम घराण्याची ताठ मान आहे ती. मालकानं टोपी काढ म्हटलं म्हणून आमच्या आजोबांनी टोपीच घालायची सोडली, उन्हातान्हात बोडके फिरले, पण त्याच्यासमोर काढली नाही. अशी माणसं आम्ही.

आई गेली तेव्हा एझेलनं शवपेटीला खांदा दिला. गायकांनी तिचं गाणं धरलं, 'दारात थांब', आणि सगळ्या चर्चची नजर त्याच्याकडं गेली. तो समोर बघत राहिला. त्याची बायको मर्टिस नंतर मला म्हणाली, "मला वाटलं आता तरी. त्याचा गळा हलत होता थॅडियस, मी बघितला, नुसता हलत होता."

मर्टिस पलीकडच्या परगण्यातली, लग्न नंतरचं. तिनं नवऱ्याला कधी गाताना ऐकलंच नव्हतं. आणि पुढं तो आवाजही राहिला नाही. एझेलनं सगळं आयुष्य तंबाखूच्या कारखान्यात काढलं, पानाच्या शिरा काढायच्या खात्यात. तिथली धूळ अंगावर बसते तशी आतही बसते. निवृत्त झाला तेव्हा पोर्चच्या तीन पायऱ्या चढला तरी खांबाला धरून उभा राहायचा.

तर असं सगळं शांत चाललेलं असताना तो इंग्रज आला.

मी अंगणात डुकराच्या भट्टीची जाळी घासत होतो. समोर भाड्याची गाडी थांबली आणि एक लालबुंद गोरा माणूस उतरला, पन्नाशीचा, बगलेत चौकोनी पिशवी अशी धरलेली जसं काही तान्हं मूल आहे. मला वाटलं विम्यावाला.

"मला न्हाव्याच्या दुकानातून तुमच्याकडं पाठवलं," तो म्हणाला. "मी ग्रॅहम. इंग्लंडहून आलोय. मी एका माणसाला शोधतोय, ई. बायनम. जिवंत आहे का?"

"तुम्हाला काय करायचंय त्याचं?"

त्यानं पिशवीतून तबकडी काढली. लाल लेबल, डॅन्सींचं नाव. मी घासणी खाली ठेवली. इतक्या वर्षांत मी ती बघितली नव्हती.

"यात टकटक माझी आहे," मी म्हटलं.

त्या माणसाचं तोंड असं झालं जसं काही मी त्याला स्वर्गाची किल्ली दाखवली. माझा हात दोन्ही हातांनी धरला आणि सोडेचना. मग सांगायला लागला. त्यांच्याकडं, उत्तरेत, गिरण्यांच्या गावांत मोठे हॉल आहेत. तिथं लोक आमच्या काळ्या लोकांच्या जुन्या, विसरलेल्या रेकॉर्डवर नाचतात. ज्या इथं चालल्या त्यांच्यावर नाही. ज्या चालल्या नाहीत, त्यांच्यावर.

"म्हणजे जितकी जास्त आपटली तितकी भारी?" मी विचारलं.

"साधारण तसंच."

"मग तुम्ही योग्य घरी आलात," मी म्हटलं. "हिच्यासारखी दुसरी कुठली आपटली नाही."

त्याला घेऊन एझेलकडं गेलो. एझेल पोर्चमध्ये झुलत्या खुर्चीत, मर्टिस शेजारी मांडीवर पातेलं घेऊन घेवड्याच्या शेंगा सोलत होती. ग्रॅहमनं छोटं यंत्र काढलं आणि विचारलं, लावू का? एझेलनं झुलती खुर्ची थांबवली.

सुई टेकली. आधी माझी टकटक, मग तो आवाज.

मी एझेलकडं बघत होतो. तो पोर्चच्या फळीकडं बघत होता. मर्टिसचे हात थांबले होते. बाईनं सगळा संसार ज्या माणसाबरोबर केला, त्याचा गाण्याचा आवाज ती पहिल्यांदा ऐकत होती. शेवटचं कडवं आलं, तो शब्द आला, आणि ग्रॅहमनं नकळत एक हात वर केला, बोट आकाशाकडं. गाणं संपलं.

"मिस्टर बायनम," तो हळूच म्हणाला, "एक विचारू? आमच्याकडं वर्षानुवर्षं वाद चाललाय. शेवटी सगळा हॉल हात वर करतो आणि तुमच्याबरोबर ओरडतो. पण ती कोण हे कुणालाच माहीत नाही. ही लॉरा कोण?"

पातेल्यात एक शेंग पडली.

"मलाही ऐकायचंय," मर्टिस म्हणाली.

"कोण लॉरा?" एझेल म्हणाला.

"सगळे असंच म्हणतात. आधी 'कोण लॉरा'. मग 'अच्छा, ती लॉरा'."

"मर्टिस, मी कुठल्याच लॉराला..."

"लॉरा पिटमन का? टपालात होती ती? लांब मानेची?"

"अगं तिची मान काय, मी तिला कधी..."

"म्हणजे मान बघितलीयस."

मला हसू आवरेना. "अगं बाई, लॉरा नाही ते," मी म्हटलं. "लॉर्ड आहे." आता त्या गोऱ्याचा तरी काय दोष? आम्ही प्रभूला हाक मारताना शेवट गिळतो. फार कळवळून मारली की तोंडातून नुसतं 'लॉऽ' एवढंच निघतं, पुढचं तो समजून घेतो. इंग्रजांनी पुढचं आपल्या मनानं घातलं. मी ग्रॅहमला सगळं सांगितलं, वखार, डॅन्सींचा हात, मास्तरांचं रडणं. "चूक झाली होती त्याची," मी म्हटलं. "चर्चची सवय. जीभ घसरली. पण काय घसरली!"

"घसरली नव्हती," एझेल म्हणाला.

आम्ही सगळे त्याच्याकडं वळलो.

"मुद्दाम घातला होता तो शब्द," तो म्हणाला. दम घेत घेत बोलायचा, वाक्याच्या मधेच थांबायचा. "आई म्हणायची ना, ज्या घरात प्रभूचं नाव नाही ते घर नुसतं वारा. मला वाटलं, गाण्यात एक जागा त्याची ठेवावी. फक्त एकच. शेवटी. तिच्या कानावर जाईल तेव्हा तिला कळेल, पोरगं घर सोडून गेलेलं नाही."

"तिच्यासाठी?"

"तिच्यासाठी."

"आणि तिला त्याच शब्दाचा राग आला!"

"त्याच शब्दाचा."

"मग सांगायचंस ना गाढवा! जेवायला समोर बसायचास दर रविवारी! कोंबडी खाताना सांगायचंस!"

"तिनं विचारलं नाही, थॅड. मला बसवलं. विचारलं नाही."

मर्टिसनं पातेलं खाली ठेवलं आणि त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. ग्रॅहम टोपीशी चाळा करत बसला होता. मग म्हणाला, "मी तिकडं जाऊन सांगेन सगळ्यांना. पण खरं सांगू का? ते ऐकून घेतील, आणि परत हात वर करून लॉराच म्हणतील."

"म्हणू दे," मर्टिस म्हणाली. "लॉरा असती तर मी आत्ता इथं बसले नसते."

मग त्यानं आपलं खरं काम काढलं. त्याला ती तबकडी नव्यानं काढायची होती, आणि एझेलला तिकडं न्यायचं होतं. एकदाच, त्या हॉलमध्ये, खुर्चीवर बसून का होईना, एकच गाणं. तिकडची माणसं त्याच्या पाया पडतील म्हणाला.

एझेल हसला. "मी बसवलेला माणूस आहे, साहेब."

"बसवलेला?"

"गायचं तर आधी नेबोत. आणि नेबोत गायचं तर मला उठवायला हवं. आणि ज्या बाईनं बसवलं ती मागच्या दफनभूमीत आहे."

त्याला गायचं होतं. हे मला त्या दिवशी कळलं, आणि माझा तर त्यावर विश्वास बसेना. मी समजत होतो त्यानं गाणं केव्हाच सोडून दिलंय. तो तर नुसता वाट बघत होता. डॉक्टरनं त्याला आधीच सांगितलं होतं की छाती दर हिवाळ्याला थोडी थोडी जाणार. म्हणजे गायचं तर आत्ता, नाहीतर नाही.

मी तडक आमच्या आताच्या पाद्रींकडं, रेव्हरंड कोफील्डकडं गेलो. तरुण माणूस, माझ्या मुलाच्या वयाचा, पण ऐकणारा. तो म्हणाला, "ब्रदर बायनम, चर्च उठवू शकतं. मदर नाही तर चर्च. त्यांनी फक्त उभं राहून दोन शब्द बोलावेत."

एझेलला सांगितलं. तो म्हणाला, "चुकलो म्हणणार नाही."

"अरे म्हण की! दोनच शब्द! देवाला माहीत आहे खरं काय ते."

"म्हणूनच. त्याचं नाव घेतलं म्हणून त्याच्याच घरात माफी मागू?"

बोलणं बायनमचं होतं. आतून मला अभिमानच वाटला, आणि त्याच वेळी त्याला खुर्चीसकट हलवावंसं वाटलं. शेवटी मर्टिस बोलली. "उभा राहा," ती म्हणाली. "काय बोलायचं ते तू ठरव. पण मी तुझा आवाज एका इंग्रजाच्या डब्यातून ऐकलाय, एझेल. माझ्या नवऱ्याचा आवाज. तू उभा राहा."

तो रविवार. चर्च भरलं होतं, बाहेरगावचेही आले होते, कारण न्हाव्याच्या दुकानात एक गोष्ट कळली की ती रेडिओपेक्षा लवकर पोचते. ग्रॅहम चुकून माझ्याच, डिकनच्या बाकावर येऊन बसला, मी त्याला बसू दिलं. मदर लोकांच्या बाकापाशी चाकाच्या खुर्चीत सिस्टर व्हॉन्सील व्हाइन्सना आणून ठेवलं होतं. आईच्या बरोबरीच्यांपैकी त्या एकट्याच उरलेल्या. डोळे गेलेले, बाकी सगळं शाबूत.

पाद्रींनी नाव घेतलं. एझेल शेवटच्या बाकावरून उठला. पुढच्या बाकाची पाठ धरून उभा राहिला. दम यायला वेळ लागला, तेवढा वेळ पंखेसुद्धा थांबले.

"मी माफी मागायला उभा नाही," तो म्हणाला. कुणीतरी मागं श्वास ओढला. "तो शब्द मी आईसाठी घातला होता. चुकून नाही. तिला कळावं म्हणून. तेवढंच सांगायचं होतं."

"कोण बोलतंय?" सिस्टर व्हॉन्सील ओरडल्या.

"एझेल, सिस्टर."

"मदर बायनमचा एझेल? इतकी वर्षं कुठं होतास रे?"

"इथंच. शेवटच्या बाकावर."

लोक हसले. त्या हसल्या नाहीत.

"तिला ठाऊक होतं," त्या म्हणाल्या.

पाद्री खाली वाकले, काहीतरी विचारायला. सिस्टरनी हातानं त्यांना बाजूला सारलं.

"त्या रविवारी तिला राग आला होता, खोटं कशाला बोलू. पण पुढच्या हिवाळ्यात तिनं डॅन्सीकडून ती तबकडी मागवली. यंत्र माझ्याकडं होतं. माझ्या बैठकीत बसून तिनं पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकली. परत लावायला लावली. मग म्हणाली, 'व्हॉन्सील, हा शब्द त्या गधड्यानं माझ्यासाठी ठेवलाय.' मी म्हटलं, मग जा आणि उठव त्याला. म्हणाली, 'तो येऊन सांगू दे. एकदा म्हणू दे, आई, तुझ्यासाठी होतं. तिथल्या तिथं उठवते. पण मी कशी जाऊ? मी मदर आहे.' मी म्हटलं, तू मदर आहेस, पण त्याची आई पण आहेस ना?"

"मग काय म्हणाली?" एझेलनं विचारलं. त्याचा आवाज मला लहान मुलासारखा वाटला.

"काही नाही. कोट घातला आणि गेली. दर वर्षी विचारायची, तुझ्याकडं आला का, काही बोलला का?"

मी माझ्या जागेवरून उठलो. "सिस्टर, तुम्ही इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"शपथ घातली होती तिनं. आणि तुमच्यापैकी मला विचारलं कुणी, थॅडियस बायनम? तुम्ही लोक कुणाच्या दारात उभे राहून गारठून मराल, पण कडी वाजवणार नाही."

मला बोलता येतं. कुणाच्याही बोलण्याला माझ्याकडं उत्तर असतं, हे गावाला माहीत आहे. मी खाली बसलो.

"ये इकडं," सिस्टर व्हॉन्सील एझेलला म्हणाल्या. "ती असती तर तिनं उठवलं असतं. मी तिच्या वतीनं उठवते. हात दे."

एझेल मधल्या वाटेनं चालत आला. मधे दोनदा थांबला. त्यांनी चाचपडत त्याचा हात धरला आणि वर केला, आणि चर्चमधून असा हुंदका उठला की ग्रॅहमसुद्धा तोंड रुमालात खुपसून बसला. पियानोवाल्या बाईनं सूर दिला. ओळखीचा सूर. आईचा.

एझेलनं तोंड उघडलं. पहिला शब्द आला. 'लॉऽ'. आणि मी शपथेवर सांगतो, तो तोच होता, तीच काकवी, तीच वाळू. मर्टिस उभी राहिली. त्यानं पुढच्या शब्दासाठी श्वास ओढला, आणि श्वास आत गेलाच नाही. खोकला आला. पाणी दिलं. परत ओढला, परत खोकला. पियानो थोडा वेळ एकटाच त्या सुराभोवती फिरला, मग थांबला.

"उशीर झाला, सिस्टर," तो म्हणाला.

"मी आंधळी आहे, बहिरी नाही," त्या म्हणाल्या, आणि त्याचा हात सोडला नाही. बराच वेळ सोडला नाही. मग सोडला.

गायकांनी पुढच्या रांगेत त्याच्यासाठी जागा केली. तिघं-चौघं सरकले, खुर्ची मोकळी केली. पाद्रींनी हातानं दाखवली. एझेलनं मान हलवली आणि परत मागं चालायला लागला, शेवटच्या बाकाकडं. त्याची टोपी तिथं होती.

मी डिकन आहे. माझी जागा पुढं आहे, आणि ती मी कधी कुणाला दिलेली नाही. त्या दिवशी ती त्या इंग्रजाकडंच राहिली. मी वाट चालून मागं गेलो आणि भावाला म्हटलं, "सरक."

तो सरकला. गायकांनी दुसरं गाणं धरलं, चर्च उभं राहिलं, टाळ्या सुरू झाल्या. आम्ही दोघं बसून होतो. त्यानं टोपी गुडघ्यावर ठेवली आणि पुढं, आईच्या रिकाम्या जागेकडं बघत राहिला.

"दर वर्षी विचारायची," तो म्हणाला.

"हो," मी म्हटलं.